प्रेमकथा लिहायला शिकताना : रोजचा सराव, तंत्र आणि वाचकापर्यंतची वाट

इंग्रजीतल्या नॉव्हेलला आपण मराठीत 'कादंबरी' म्हणतो. हा शब्द आला बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथावरून, आणि त्या ग्रंथाला नाव मिळालं त्याच्या नायिकेचं. म्हणजे प्रेमात पडलेल्या एका तरुणीच्या नावानं आपण अख्खा वाङ्मयप्रकार ओळखतो. तरीसुद्धा साहित्य मंडळाच्या बैठकीत कुणी "मी प्रेमकथा लिहितेय" म्हटलं की बाकीचे गालातल्या गालात हसतात. सामाजिक कथा लिहिणाऱ्याला प्रश्न विचारले जातात, प्रेमकथा लिहिणाऱ्याला "कुणावर लिहिलीस गं?" एवढंच विचारतात. मग मुली वही लपवतात, मुलं टोपणनाव घेतात, आणि लिखाणातल्या चुका दाखवणारं कुणी भेटतच नाही.

या लेखात तीन गोष्टी बघू या. प्रेमकथा लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा रोजचा दिवस कसा असावा, तंत्र कुठून आणि कसं शिकावं, आणि पुस्तक झालंच तर ते वाचकापर्यंत कसं न्यावं. माझी पात्रता एवढीच, की मी साहित्याची विद्यार्थिनी आहे आणि हा प्रकार आवडीनं वाचते.

आपला वारसा थोडक्यात

बेळगावकरांना एक गोष्ट अभिमानानं सांगता येते. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाणारी 'यमुनापर्यटन' (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी हे १८३१ साली बेळगावातच जन्मले. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि कादंबरीचा विषय होता विधवांची दुःखं. पुढं चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली. ती अद्भुतरम्य होती : संकटात सापडलेली नायिका, दुष्ट माणसं, शेवटी सगळं गोड. एक कादंबरी समाजाला हलवू पाहणारी, दुसरी वाचकाला रमवणारी. मराठी कादंबरीची ही दोन पावलं जवळजवळ बरोबरच पडली.

पुढं हाच प्रश्न ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या काळात वादाचा झाला. फडक्यांच्या बाजूनं 'कलेसाठी कला', खांडेकरांच्या बाजूनं 'जीवनासाठी कला', असं आपण परीक्षेत लिहितोच. पण लिहायला शिकणाऱ्यानं फडक्यांची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. लेखन हे शिकता येतं, त्याचं तंत्र असतं, हे त्यांनी मराठीत ठामपणे मांडलं. १९३१ सालचं 'प्रतिभासाधन' हे त्यांचं पुस्तक त्यासाठीच आहे. कथानक, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू, शेवट हे शब्द आपण आज सहज वापरतो त्यामागं त्यांचं मोठं काम आहे.

शेजारच्या गोव्यातही एक परंपरा आहे. रोमी लिपीतल्या कोकणीत लोकप्रिय कादंबरीला सरळ 'रोमान्स' असंच म्हणतात. रेजिनाल्ड फर्नांडिस यांनी असे शंभरावर रोमान्स लिहिले. आमच्यासारख्या गोव्याकडून आलेल्या कॅथलिक घरांत म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर हे नाव ओळखीचं निघतं. समीक्षकांनी काय म्हटलं याची त्या वाचकांना फिकीर नव्हती. त्यांना पुढचं पुस्तक हवं होतं.

लिहिणाऱ्याचा दिवस

विद्यार्थ्याच्या दिवसात रिकामा वेळ असा नसतोच. सकाळी कॉलेज, दुपारी लायब्ररी किंवा शिकवणी, संध्याकाळी घरकाम, आणि दोन-तीन महिन्यांनी डोक्यावर इंटर्नल. म्हणून "सुट्टीत लिहीन" म्हणणारे बहुधा लिहीत नाहीत. सुट्टीत लग्नं असतात, पाहुणे असतात.

इंग्रजी कादंबरीकार अँथनी ट्रोलोप टपाल खात्यात नोकरी करायचा. तो पहाटे साडेपाचला टेबलाशी बसे, समोर घड्याळ ठेवी आणि पंधरा मिनिटांत अडीचशे शब्द हा हिशेब पाळी. स्वतःला उठवण्यासाठी नोकराला तो वर्षाला पाच पौंड जादा देत असे. हे सगळं त्यानं आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, आणि ते छापून आल्यावर काही रसिक नाराजही झाले. लेखकाला स्फूर्ती यावी, त्यानं घड्याळ काय लावायचं, असं त्यांना वाटलं. पण आपल्याला त्याचा हिशेब उपयोगी आहे. रोज पाचशे शब्द लिहिले तर शंभर दिवसांत पन्नास हजार शब्द होतात. मिल्स अँड बून या प्रेमकादंबऱ्यांच्या प्रकाशनाची कितीतरी पुस्तकं साधारण एवढ्याच लांबीची असतात. पाचशे जमत नसतील तर अडीचशे. बसमध्ये मोबाईलवर लिहिलं तरी चालेल, फक्त रात्री ते एका वहीत किंवा फाईलमध्ये उतरवून घ्यावं. नाहीतर मोबाईलबरोबर कथाही जाते.

दिवसाचे तीन भाग पाडले तर सोपं जातं :

१. लिहिण्याचा अर्धा तास. या वेळात मागचं सुधारायचं नाही, फक्त पुढं जायचं.

२. वाचण्याचा अर्धा तास. एक दिवस प्रेमकथा, एक दिवस दुसरं काहीही. प्रेमकथाच वाचत राहिलं की आपली नायिकासुद्धा वाचलेल्या नायिकेसारखीच बोलायला लागते.

३. ऐकण्याचा वेळ. याला वेगळा वेळ लागत नाही. बसस्टँडवर, खडेबाजारात, चर्चच्या आवारात, मिरवणुकीत माणसं कशी बोलतात ते ऐकायचं. बेळगावात कुणी "मी तुझ्यावर प्रेम करतो" असं म्हणत नाही. "जेवलीस का?" असं विचारतात. "पोचलीस की फोन कर" म्हणतात. प्रेमकथेला हीच भाषा लागते.

सांगाडा : आठ टप्पे

पामेला रेजिस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी २००३ मध्ये प्रेमकादंबरीवर एक पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते अशा कादंबरीत आठ गोष्टी असतातच, क्रम मात्र बदलू शकतो : भोवतालच्या समाजाचं चित्र, दोघांची भेट, अडथळा, ओढ, प्रेमाची कबुली, सगळं संपलं असं वाटण्याचा क्षण, उमज आणि शेवटी लग्नाचं वचन. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ला हे लावून बघा. लिडिया पळून जाते तेव्हा एलिझाबेथला वाटतं, आता डार्सी आपल्या घराकडं बघणारसुद्धा नाही. तो सहावा टप्पा. तिथूनच उमज सुरू होते.

आठांपैकी नवशिका लेखक सगळ्यात कच्चा असतो तो अडथळ्यात. आपल्याकडचे ठरलेले अडथळे म्हणजे श्रीमंत बाप, खलनायक मामा, गैरसमज. गैरसमज तर फारच स्वस्त. एक फोन केला असता तर मिटला असता असा गैरसमज दोनशे पानं ताणला की वाचक वैतागतो.

खरा अडथळा दोन प्रकारचा असतो, बाहेरचा आणि आतला. समजा, शहापुरात साडीच्या दुकानात हिशेब लिहिणारी एक मुलगी आहे, आणि कॅम्पातल्या बेकरीत काम करणारा एक मुलगा. तो कॅथलिक, ती हिंदू. तो तीन महिन्यांत आखातात नोकरीला जाणार आहे. हा झाला बाहेरचा अडथळा. आता आतला : वडील आजारी पडल्यापासून ती घर चालवते, आणि आपल्याला कुणाची गरज लागते हे कबूल करणं तिला कमीपणाचं वाटतं. त्याला वाटतं, पैसा हातात आल्याशिवाय आपल्याला कुणाला काही विचारायचा हक्कच नाही. बाहेरचा अडथळा तारखेवर चालतो, आतला स्वभावावर. दोन्ही एकमेकांत गुंतले की कथा आपोआप पुढं जाते.

अडथळा खरा करायचा तर माहिती खरी हवी. अशा दोघांना चर्चमध्ये लग्न करायचं असेल तर बिशपांकडून खास परवानगी घ्यावी लागते. विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे १९५४ च्या, लग्न करायचं ठरवलं तर तीस दिवसांची नोटीस लागते आणि ती कचेरीत लावली जाते. आता विचार करा, जी गोष्ट दोघांनी घरी सांगितलेली नाही ती तीस दिवस भिंतीवर टांगलेली आहे. यापेक्षा मोठा ताण कुठला खलनायक आणणार? आणि हेच जोडपं गोव्याचं असेल तर कायदा निराळा. तिथं नागरी निबंधकासमोर आधी इरादा नोंदवावा लागतो आणि नंतर पुन्हा सही. त्या दोन सह्यांमधल्या दिवसांवर एक आख्खी कथा उभी राहू शकते.

वाक्याची पातळी

आता एक छोटा प्रयोग. पहिला मसुदा बहुधा असा येतो :

"तिला पाहताच त्याच्या काळजाची धडधड वाढली. तिचे हरिणीसारखे डोळे पाहून तो स्वतःला विसरला. तीही लाजली."

यात चूक काही नाही, पण हे कुठल्याही दोघांबद्दल लिहिता येईल. आता त्याच दोघांना त्यांच्या जागी ठेवू :

"वहीत तिनं सात लिहिला, खोडला, पुन्हा सातच लिहिला. काउंटरपलीकडं तो पावाची पिशवी धरून उभा होता.
'पाव गार व्हायलेत,' तो म्हणाला.
'मग जा की.'
'सही पाहिजे उधारीच्या वहीत.'
तिनं सही केली. काल दोन अक्षरांत आटपलेली सही आज तिनं पूर्ण नावानं केली."

लाजली, धडधडली हे शब्द गेले. त्याऐवजी खोडलेला आकडा आणि लांबलेली सही आली. वाचकानं स्वतः ओळखलं की त्याला जास्त मजा येते. शिवाय संवादात इथली बोली आली. प्रमाण भाषेत निवेदन आणि बोलीत संवाद ही वाट मराठीत जुनी आहे, ती बिनधास्त घ्यावी. फक्त प्रत्येक पात्र सारखंच बोलत नाही ना ते तपासावं. नावं झाकून संवाद वाचा. कोण बोलतंय ते कळलं पाहिजे.

मागं लागणारा नायक

आता जरा गंभीर मुद्दा. आपल्याकडच्या कितीतरी लोकप्रिय कथांत आणि सिनेमांत नायक मुलीच्या मागं मागं जातो, ती नाही म्हणते, तो थांबत नाही, आणि शेवटी ती हो म्हणते. वाचणाऱ्याला हे गोड वाटतं. पण कुणीतरी रोज मागं येतंय म्हणून मुलीचं कॉलेज बंद झालं, असं आपण आपल्याच आजूबाजूला ऐकलेलं असतं. ती मुलगी ही कथा वाचेल तेव्हा तिला त्यात प्रेम दिसेल का?

हा प्रश्न नीतीचा आहे, पण तंत्राचाही आहे. जॅनिस रॅडवे यांनी अमेरिकेतल्या एका छोट्या शहरातल्या प्रेमकादंबऱ्यांच्या नियमित वाचक बायकांशी बोलून १९८४ मध्ये एक अभ्यास छापला. त्या शहराचं नाव त्यांनी बदलून ठेवलं आहे. त्या वाचकांना नायिकेवर जबरदस्ती करणारा नायक नको होता. दुःखी शेवटही नको होता. घरातल्या सगळ्यांचं करून झाल्यावर पुस्तकाचा तो तासभर त्यांचा स्वतःचा असे. म्हणजे आपण ज्यांना 'हलकं वाचणाऱ्या बायका' म्हणतो त्यांची आवड चांगली पक्की होती.

कॅथलिक लग्नात शपथेच्या आधी धर्मगुरू दोघांनाही विचारतात, की तुम्ही कुठल्याही दबावाशिवाय, स्वखुशीनं आला आहात ना? मला वाटतं, प्रेमकथा लिहिणाऱ्यानं हा प्रश्न प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी आपल्या पात्रांना विचारावा. नायिका 'नाही' म्हणाली तर कथेत त्या 'नाही'ला किंमत असली पाहिजे. नायकानं थांबायला शिकणं, वाट बघणं, स्वतःत बदल करणं यात मागं लागण्यापेक्षा जास्त नाट्य आहे. डार्सीचंच बघा. पहिली मागणी तो तोऱ्यात घालतो आणि नकार मिळतो. दुसऱ्या वेळी तो सांगतो, की तुझं मन बदललं नसेल तर एका शब्दात सांग, मी पुन्हा हा विषय काढणार नाही. मधल्या काळात तो जे शिकतो तीच त्याची प्रेमकथा.

पुस्तक आणि पैसा

ऑस्टिनची गोष्ट इथंही कामाची आहे. १७९७ मध्ये तिच्या वडिलांनी एका प्रकाशकाला पत्र लिहून हस्तलिखित दाखवू का असं विचारलं. ते न बघताच नकार आला. त्याच कथेचा सुधारलेला अवतार म्हणजे १८१३ ची 'प्राइड अँड प्रेज्युडिस'. मधे सोळा वर्षं गेली. तिचं पहिलं छापील पुस्तक 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' (१८११) स्वतःच्या जोखमीवर निघालं आणि त्यात तिला १४० पौंड मिळाले. दुसऱ्याचे हक्क मात्र तिनं ११० पौंडांना कायमचे विकून टाकले. पुढच्या आवृत्त्यांतून तिला काहीच मिळालं नाही.

यातून आपण घ्यायचं ते हे. करारावर सही करण्याआधी चार गोष्टी वाचाव्यात : हक्क कुणाकडं आणि किती वर्षं, प्रती किती, मानधन किती टक्के, आणि ई-बुक, ऑडिओ, भाषांतर यांचे हक्क कुणाचे. भारतात कॉपीराइट लिहिताक्षणी लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं तो टिकतो. आयएसबीएन क्रमांक सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो. त्यासाठी कुणी मोठी रक्कम मागितली तर सावध व्हावं.

स्वतः छापायचं असेल तर आधी गणित मांडा. समजा ३०० प्रती छापल्या, एका प्रतीला ८० रुपये खर्च आला, म्हणजे एकूण २४,००० रुपये. किंमत ठेवली २०० रुपये. दुकानदाराला ४० टक्के सूट दिली तर तुमच्या हातात प्रतीमागं १२० रुपये येतात. म्हणजे २०० प्रती विकल्यावर फक्त खर्च निघतो. तीच प्रत तुम्ही स्वतः १८० रुपयांना विकली तर १३४ प्रतींत खर्च निघतो. आकडे तुमच्या छापखान्याप्रमाणं बदला, पण गणित टाळू नका. मोबाईलवरची वाट स्वस्त आहे. २०१४ पासून चालू असलेल्या 'प्रतिलिपी'वर मराठी कथा भागाभागानं टाकता येतात, आणि किंडलवर मराठी ई-बुक स्वतः प्रकाशित करता येतं. पहिल्या पुस्तकासाठी मी तरी हीच वाट सुचवीन. वाचक कुठल्या भागानंतर सोडून जातात ते तिथं लगेच कळतं.

वाचकापर्यंत

प्रचार म्हणजे "माझं पुस्तक घ्या" असं दहा ग्रुपवर टाकणं नव्हे. तसं टाकलं की लोक ग्रुप म्यूट करतात. पुस्तकाला आधी तीन गोष्टी लागतात : शीर्षक, मुखपृष्ठ आणि मलपृष्ठावरचा मजकूर. मलपृष्ठावर कथा सांगायची नाही, अडथळा सांगायचा. "तीन महिन्यांनी तो विमानात बसणार. उधारीची वही मात्र अजून मिटलेली नाही." एवढं पुरतं.

मग माणसं. आपल्या भागात दर हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. तिथं पुस्तकांचे स्टॉल असतात आणि लोक खरोखर विकत घेतात. मोठ्या शहरातल्या लेखकाला हे सुख सहज मिळत नाही. स्टॉलवर उभं राहून वाचकाशी बोलावं. गावातल्या वाचनालयाला एक प्रत भेट द्यावी, कारण प्रेमकादंबरीचा खरा वाचक वाचनालयातच असतो. एक प्रत वीस घरांत फिरते. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' बघा. १९८२ ची कादंबरी, तिच्यावर चित्रपट आला २०१३ मध्ये. मधली तीस वर्षं ती जिवंत ठेवली कॉलेजच्या पोरापोरींनी, हातोहात देऊन.

सीमाभागात हे जास्त महत्त्वाचं आहे. इथं मराठी टिकवायची म्हणून आपण भाषणं ऐकतो. पण जिला रात्री झोपताना एक प्रकरण वाचल्याशिवाय चैन पडत नाही, अशी एक वाचक तयार झाली तर ती उद्या वाचनालयाची वर्गणी भरेल, आणि परवा कदाचित 'यमुनापर्यटन'ही मागेल.

पुढच्या बैठकीसाठी स्वाध्याय

१. आपल्या ओळखीच्या दोन माणसांऐवजी दोन जागा निवडा (उदा. छापखाना आणि दवाखाना). तिथं काम करणाऱ्या दोघांचा बाहेरचा आणि आतला अडथळा प्रत्येकी एका वाक्यात लिहा.

२. 'प्रेम', 'हृदय', 'डोळे' हे शब्द न वापरता दहा ओळींत ओढ दाखवा. किमान चार ओळी संवाद हवा, तोही बोलीत.

३. कुठल्याही आवडत्या मराठी चित्रपटातला नायक नायिकेच्या मागं लागतो तो प्रसंग घ्या आणि तिच्या बाजूनं पुन्हा लिहा.

४. न लिहिलेल्या तुमच्या कादंबरीचा मलपृष्ठाचा मजकूर चाळीस शब्दांत लिहा.

वही लपवू नका, बैठकीला घेऊन या. नाव घालायचं नसेल तर नका घालू. ऑस्टिनच्या पहिल्या पुस्तकावरसुद्धा 'एका बाईनं लिहिलेलं' एवढंच छापलं होतं. वाचून दाखवायला कुणी नसेल तर मी वाचीन.